ऋणनिर्देश तयार आहे

१ जानेवारी २०२५. सकाळी ६.१०
नवं वर्ष, नवी डायरी, नवं पेन. यंदा पीएच.डी. पूर्ण. युनिव्हर्सिटीने ३० एप्रिलपर्यंत शेवटची मुदतवाढ दिली आहे. त्यानंतर रजिस्ट्रेशन रद्द. ‘शेवटची’ हा शब्द मी धमकी म्हणून घेत नाही, प्रोत्साहन म्हणून घेतो.

विषय: इंग्रजी संशोधनपर लेखनात व्याकरणाच्या रचना कोणकोणती कामं करतात. म्हणजे संशोधक दावा कसा करतो, शंका कशी काढतो, दुसऱ्याला न दुखवता चूक कसं म्हणतो, आणि या प्रत्येक कामाला वाक्याचा कोणता साचा वापरतो. आमच्या कुंडल गावात या विषयातला मी एकटाच तज्ज्ञ आहे असं म्हणायला हरकत नसावी.

प्रकरणं सहा. मनात सहाही तयार. संक्रांतीपर्यंत पहिली दोन कागदावर. रोज पहाटे चारला उठणे. आज सहाला उठलो, पण आज पहिलाच दिवस.

४ जानेवारी
चारला जाग आली. थंडी बघून परत झोपलो. लेखकाने प्रकृती सांभाळली पाहिजे.

टेबल खिडकीपाशी लावलं. उजेड डाव्या बाजूने यावा म्हणून दाराकडे फिरवलं. दारातून म्हशी दिसतात, म्हणून परत खिडकीकडे. यात अख्खा शनिवार गेला. बायको, पूजा, शाळेतून आली (तिची शाळा पलूसला, जिल्हा परिषदेची, पर्मनंट). म्हणाली, त्या टेबलाला तरी एका जागी बसू द्या. लेखन म्हणजे काय हे घरच्यांना सांगून कळत नाही.

९ जानेवारी
सांगलीला गाईडकडे, मानसिंग सरांकडे. बऱ्याच महिन्यांनी गेल्यामुळे त्यांना आधी माझं नाव आठवेना. सर म्हणाले, ‘काम कुठवर आलं?’ मी म्हणालो, लेखन केलं जात आहे. सर म्हणाले, ‘कोण करतंय?’ मी म्हणालो, सर, हाच माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा मुद्दा आहे. ‘डेटा वॉज कलेक्टेड’ असं लिहिलं की गोळा कुणी केला ते सांगावं लागत नाही. सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मुद्दा पोचला असावा.

जाताना सर म्हणाले, लिहून आणा.

११ जानेवारी
प्रिन्सिपॉल म्हणाले, इंग्रजीची पर्मनंट जागा यंदा नक्की भरणार, पीएच.डी. पाहिजे. माझ्याकडे बघून म्हणाले असं मला वाटलं. अक्षता शेजारी उभी होती. ती पण माझ्यासारखीच तासिका तत्त्वावर शिकवते, मूळची पाटणकडची, पलूसला खोली घेऊन राहते. गाईडही एकच. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी तिने रजिस्ट्रेशन केलं, त्यामुळे मी तिला वेळोवेळी मार्गदर्शन करतो. आज तिने माझा स्टेपलर नेला.

आबांना जागेचं सांगितलं. आबा म्हणाले, ‘मग काय, जागा तुझीच की.’ अकरा वर्षं मी तासावर आहे आणि आबा अकरा वर्षं गावाला सांगतायत की पोरगं प्रोफेसर हाय. या वर्षी ते खरं होणार.

१४ जानेवारी. संक्रांत
दोन प्रकरणं झाली नाहीत. कारण तिळगूळ. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी दारात.

मात्र लेखनाला आज खरी सुरुवात झाली. अडलं की सोप्याकडून सुरू करावं, म्हणून मी ऋणनिर्देशापासून केली. प्रबंधात तो पहिल्या पानावर येतो, म्हणजे क्रमही चुकला नाही. शिवाय आभार मानणं हे एक संवादकार्यच आहे. ‘आय ॲम डीपली इन्डेटेड टू’ म्हटलं की पुढचा माणूस मोठा. ‘आय वुड लाइक टू थँक’ म्हटलं की बरोबरीचा. ‘थँक्स आर ऑल्सो ड्यू टू’ मध्ये उरलेले सगळे. एका बैठकीत पान भरलं. असा हात चालला तर मार्चमध्येच मोकळा होईन.

आबांना वाचून दाखवलं. सुभेदार म्हणून रिटायर झालेत, इंग्रजी सुरू झालं की अजून ताठ बसतात. म्हणाले, ‘माझं नाव पयलं हाय न्हवं?’ मी हो म्हणालो. मग पान हातात घेऊन त्यांनी नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मला फार बरं वाटलं.

२३ जानेवारी
आबांनी भाऊसोला सांगितलं. भाऊसो माझा चुलतभाऊ, सोसायटीचा संचालक. त्याने पानाचा फोटो मागवून घेतला, मोबाइलकडून त्याचं मराठी करून घेतलं आणि संध्याकाळी बुलेटवर घरी आला. चहा घेतला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाला, ‘आमाला “तसेच यांचेही”त घातलंस व्हय रं? तुझ्या लग्नात मांडव कुणी घातला? आचारी कुणी आणला? आनि आता आमी तसेच यांचेही?’

मी त्याला समजावलं की हा इंग्रजीतला रूढ साचा आहे, त्यात अपमान नाही. भाऊसो म्हणाला, ‘साचा काय बी असू दे गड्या, पंगत बसल्यावर ताट मागाय आल्यागत वाटतंय.’

त्याला ‘आय ओ अ स्पेशल डेट’ मध्ये, म्हणजे विशेष ऋणाच्या साच्यात घेतलं. मग चहा प्याला. पूर्ण पान परत टाइप करावं लागलं. त्यामुळे आज प्रकरण एक नाही.

२ फेब्रुवारी
बातमी भावकीत गेली. सकाळपासून फोन. आई म्हणाली, ‘उगं कुनी ऱ्हायलं तर जलमभर बोलत्यात. लग्नाची पत्रिका काढ, म्हंजी कोन सुटत न्हाई.’ ट्रंकेतून माझ्या लग्नाची पत्रिका निघाली. तिच्यात निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, समस्त भावकी, शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पोरंबाळं. ती पोरं आता मिशा घेऊन फिरतायत, त्यांना बरोबरीच्या साच्यात घ्यावं लागेल. जे वारले त्यांच्यामागे ‘लेट’ लावायचं. लेट लावलेल्यांना मोठा साचा द्यावा की नाही यावर आईचं आणि माझं एकमत झालं नाही. तिच्या मते, गेलेला माणूस भांडायला येत नाही, पण त्याची पोरं येतात.

तत्त्वतः हे संशोधनच चालू आहे. कोणता साचा कुणाला चालतो याचा इतका प्रत्यक्ष डेटा परदेशातही कुणाकडे नसेल.

पूजा वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, पत्रिका छापून झाली, पण नवरी बघितली का? तिला शाळेचा ताण आहे.

१२ फेब्रुवारी
औंधला जाऊन आलो. सासरे, ज्योतिबामामा, फोनवर नीट बोलेनात. त्यांचं नाव भाऊसोच्या खाली गेलं होतं. समोर बसल्यावर म्हणाले, ‘आमचं काय न्हाई वो जावईबापू. आमाला कशाचं आलंय. पर लोकं वाचत्यात.’

लोक वाचतात. हे ऐकून अंगात बळ आलं.

मामांना आबांच्या लगेच खाली घेतलं. सासूबाई म्हणाल्या, देवीचं नाव कुठंय? बरोबर होतं. दोघांना घेऊन यमाईच्या पायऱ्या चढलो, दर्शन घेतलं, आणि पानाच्या डोक्यावर देवीला स्थान दिलं. आता देवी, मग आबा-आई, मग मामा, मग भाऊसो, आणि मानसिंग सर चौथ्या पानावर. सर मोठ्या मनाचे आहेत.

२७ फेब्रुवारी
सांगली. सरांना ऋणनिर्देश दिला. आता तो चांगलाच जाडजूड झाला आहे, पिन आत जात नाही. सरांनी पानं पुढे चाळली, मागे चाळली आणि विचारलं, ‘प्रकरण कुठंय?’ मी म्हणालो, फर्दर रिसर्च इज नीडेड. मला वाटलं सर हसतील.

अक्षता तिथेच होती. शेवटचं प्रकरण घेऊन आली होती. सर पेन्सिल घेऊन तिचं वाचत होते आणि मध्येमध्ये ‘हं’ म्हणत होते. मला सरांनी कधी ‘हं’ म्हटल्याचं आठवत नाही. तिने एके ठिकाणी ‘धिस स्टडी शोज दॅट’ लिहिलं होतं. बाहेर आल्यावर मी तिला सावध केलं. शोज म्हणू नये, ‘मे सजेस्ट’ म्हणावं, उद्या कुणी धरलं तर निसटायला वाट राहते. ती म्हणाली, ‘पण सर, तसं दिसतंय ना आकड्यांत. मग दिसतंय म्हणायला काय हरकत आहे?’

अजून लहान आहे. अनुभवाने शिकेल.

एसटीत तिने विचारलं, तुमचं कुठवर आलं सर? मी म्हणालो, बरंचसं झालं आहे असं म्हणता येईल.

१५ मार्च
हल्ली कॉम्प्युटरकडून लिहून घेतात म्हणे. सरांनी सक्त मनाई केली आहे. तरी फक्त बघावं म्हणून उघडलं. काय हवंय, असं त्याने विचारलं. बराच वेळ कर्सर लुकलुकत होता. मला काय हवंय ते लिहिता येईना. शेवटी ‘थँक यू’ लिहून बंद केलं. म्हणजे मी तत्त्वाला चिकटून राहिलो.

३० मार्च. गुढीपाडवा
अक्षताने परवा प्रबंध सबमिट केला. पेढे घेऊन घरी आली होती. आईने तिला ओवाळलं. आबांनी पेढा घेतला आणि म्हणाले, ‘आता रवीचा पेढा कवा?’ मी म्हणालो, महिन्याभरात. हे ठाम बोललो. ती गेल्यावर पूजा पेढ्यांचा बॉक्स फडताळात ठेवून वह्या तपासायला बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

नवा संकल्प. महिना हातात आहे, प्रकरणं सहा. पाच दिवसाला एक. हिशेब इतका सोपा आहे की हे आधी कसं सुचलं नाही.

५ एप्रिल
पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहिलं. ‘इट मे बी आर्ग्यूड दॅट’. यापुढे दावा करायचा असतो. काय दावा करायचा यावर दुपारभर विचार केला.

६ एप्रिल
तोच विचार.

१३ एप्रिल
स्टँडवर फ्लेक्स लागला. भाऊसोने लावला. ‘कुंडलच्या शिरपेचात मानाचा तुरा! आमचे बंधू प्रा. डॉ. रविराज यांना पीएच.डी. मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. वर भाऊसोचा गॉगल घातलेला फोटो मोठा, खाली माझा छोटा, कडेने शुभेच्छुकांचे गोल फोटो. क्रम ऋणनिर्देशातलाच ठेवलाय, त्यामुळे कुणाची तक्रार नाही.

मी भाऊसोला म्हणालो, अजून मिळालेली नाही. तो म्हणाला, ‘आभार मानून झालं न्हवं? आभार काय कुनी काम व्हायच्या आधी मानतं व्हय?’

सगळा घोळ मला तेव्हा क्षणभर स्पष्ट दिसला. मग स्टँडवरच्या चहावाल्याने हात जोडून ‘नमस्कार डॉक्टर’ म्हटलं. त्यामुळे जरा उभारी आली. अशा गोष्टींनी माणसावर चांगला दबाव येतो.

आबा फ्लेक्स बघायला दोनदा जाऊन आले.

२२ एप्रिल
ताप. थर्मामीटरमध्ये आला नाही, पण आत होता.

२६ एप्रिल
सांगलीच्या बाइंडरने फोन केला. जानेवारीतच सोनेरी अक्षरांचं कव्हर करायला टाकलं होतं, ते तयार आहे. म्हणाला, आतली पानं कवा देताय? मी म्हणालो, पाठवली जातील.

सरांना फोन केला. मुदत आणखी वाढेल का. सर म्हणाले, रविराज, शेवटची म्हणजे शेवटची. आवाज रागाचा नव्हता. रागावले असते तर मी काहीतरी बोललो असतो.

३० एप्रिल. संध्याकाळी ५.३०
ऑफिस पाचला बंद होतं. मी घरीच होतो. टेबलापाशी बसलो होतो, तोंड खिडकीकडे.

रजिस्ट्रेशन रद्द झालं आहे. कुणी केलं, ते या वाक्यात येत नाही.

१ मे
आबांनी सकाळी विचारलं, ‘झालं का रं?’ मी म्हणालो, प्रोसेस चालू आहे, असं म्हणता येईल. आबा म्हणाले, ‘सरकारी काम म्हंजी येळ लागणारच. आमची पेन्शन बी अशीच लटकली हुती.’ आणि समाधानाने आंघोळीला गेले.

पूजाला खरं सांगितलं. ती म्हणाली, ‘आबांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही आणि आईंनाही सांगू देणार नाही.’ सांगणार आहे. योग्य वेळ बघून.

१९ जून
योग्य वेळ अजून आलेली नाही. सध्या पेरणीची गडबड.

२१ ऑगस्ट
अक्षताचा व्हायवा झाला. बाहेरचे परीक्षक म्हणे खूश होऊन गेले. मी हजर होतो. तिने एकदाही ‘मे बी’ म्हटलं नाही. विचारलं तिथे हो, नाही, आणि एके ठिकाणी सरळ ‘हे मला माहीत नाही’ म्हणाली. परीक्षकांनी मान डोलावली. ‘माहीत नाही’ या रचनेचा माझ्या प्रबंधात समावेश करायला हवा होता. अर्थात प्रबंध असता तर.

८ सप्टेंबर
जागा अक्षताला मिळाली. मला मुलाखतीचा कॉल नव्हता. प्रिन्सिपॉल म्हणाले, शुक्रवारी तिचा सत्कार ठेवलाय, तुम्ही आभारप्रदर्शन करा. म्हणाले, ‘तुमचा त्या विषयाचा अभ्यास आहे.’ ते थट्टा करत नव्हते. त्यांना कुणीतरी खरंच तसं सांगितलं होतं.

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, प्रयत्न केला जाईल.

१२ सप्टेंबर. रात्री ८
आजचं सगळं लिहून ठेवतो.

हॉलवर गेलो तर पहिल्या रांगेत आबा. भाऊसोने गाडीवर आणून बसवलेले. कॉलेजात पीएच.डी.चा सत्कार आहे एवढंच भाऊसोला कळलं होतं, आणि एवढ्यावर दोघेही निघाले होते. आबांनी फौजेतला निळा कोट घातला होता, छातीवर मेडलं. फेटा बांधला होता. आल्यागेल्याला हात जोडत होते. मी जवळ जाऊन काही सांगणार, तेवढ्यात पाहुणे आले आणि सगळे उभे राहिले.

मग शाल, श्रीफळ, गुलाबाचं रोप. अक्षताचं नाव पुकारलं. तिचे वडील पाटणहून आले होते, राजाराम त्यांचं नाव. तिने आपल्या अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या, जोरात, आणि मग माझ्याकडे बघितलं. आता माझी पाळी, असं त्यांच्या तोंडावर होतं. भाऊसो खाली मान घालून मोबाइल बघायला लागला.

मग भाषणं. शेवटी माझं नाव पुकारलं, तेव्हा आबा खुर्चीत सरसावून बसले.

आभाराला सुरुवात झाली की लोक उठतात, तसे उठले. मागच्या बाजूला मसालेभाताची पातेली उघडली होती. मी पाहुण्यांचे मानले, प्रिन्सिपॉलांचे मानले, मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, रांगोळी काढणाऱ्या पोरींचे. एक नाव सुटलं नाही, क्रम चुकला नाही. इतकं बिनचूक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. संपलं तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या गोळा करणं चालू होतं. आबा एकटे बसून ऐकत होते. कारण ते माझ्या सत्काराची वाट बघत होते.

भाऊसो केव्हाच सटकला होता, म्हणून येताना आबा माझ्या गाडीवर मागे. फाट्यापर्यंत एका हाताने फेटा धरून होते. मग म्हणाले, ‘तुझा कवा हाय?’

मी गाडी बाजूला घेतली. म्हणालो, त्याचं असं आहे आबा, काही तांत्रिक बाबींमुळे असं म्हणावं लागेल की. आबा म्हणाले, ‘रवी, हाय का न्हाई तेवढं सांग.’

‘न्हाई,’ म्हणालो. ‘मी काय लिवलंच न्हाई आबा. आता ते हुनार न्हाई.’

एवढी तीन वाक्यं. माझं मलाच ऐकू आलं. आबा फाट्यावरच्या उसाकडे बघत होते. मला वाटलं शिवी देतील. म्हणाले, ‘बरं. चल, अंधार पडंल.’

मागे त्यांची मेडलं गचक्याला वाजत होती. मी गाडी हळू चालवली.

१३ सप्टेंबर
आबा सकाळी बाहेर पडले नाहीत. चहा घेतला. कोटावरची मेडलं एकेक करून काढली, फडक्याने पुसली, डबीत ठेवली. कोट घडी करून पेटीत ठेवला आणि पूजाला डांबरगोळ्या मागितल्या. पूजाने दिल्या.